न्यूग्रेंजचा झरोका

डिसेंबर आला की एक फॉरवर्ड हटकून येतो. आयर्लंडमधलं गूढ दालन, वर्षातून एकदाच आत सूर्य येतो, शास्त्रज्ञही चक्रावले! पाठोपाठ परग्रहवासी आलेच. चक्रावलंय कोण? झरोका, चढती जमीन आणि शाळेतली भूमिती, एवढ्यात उलगडा होतो.

बॉइन नदीकाठचं न्यूग्रेंज सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. मृतांच्या अस्थींसाठी दगडी दालन बांधून त्यावर दगडमातीचा प्रचंड ढीग रचलेला. आत जायला १९ मीटरांचा बोळ, आणि त्याची जमीन चढत जाते. दालनाची जमीन दारापेक्षा जवळपास दोन मीटर उंच!

२१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य आग्नेयेच्या डोंगरावर डोकावतो तेव्हा किरण जवळजवळ आडवे असतात. दारातून शिरलेला किरण चढावर मध्येच आपटणार. म्हणून दाराच्या वर दगडी चौकटीचा वेगळा झरोका आहे, थेट दालनाच्या जमिनीच्या पातळीला. त्यातून येणारी तिरीप दालन गाठते आणि १७ मिनिटांत नाहीशी होते. उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केली यांनी १९६७ साली आत बसून ती पाहिली.

ती आज सूर्योदयानंतर चार मिनिटांनी येते. न्यूग्रेंज बांधलं तेव्हा पृथ्वीचा आस सुमारे २४ अंश कललेला होता, आता २३.४ आहे. ५३.७ अक्षांशावर एवढ्या फरकाने सूर्योदयाची जागा अंशभराहून जास्त सरकते, म्हणजे दोन सूर्यबिंबं शेजारी मावतील एवढी. आजचा सूर्य किंचित उत्तरेला उगवतो आणि वर चढता चढता दक्षिणेकडे सरकून झरोक्याच्या रेषेत येतो. त्याला लागतात ती चार मिनिटं.

१६९९ मध्ये रस्त्यासाठी इथले दगड उचलताना मजुरांना दार सापडलं. १८८२ च्या ब्रिटिश स्मारक कायद्याच्या पहिल्याच यादीत न्यूग्रेंज आलं, १९९३ मध्ये जागतिक वारसा झालं, तेही भोवतालच्या सुमारे ७८० हेक्टरांसह. हे मला फार मोलाचं वाटतं. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. मंदिर शाबूत, पण किरणांच्या वाटेत इमारती! न्यूग्रेंजची दर्शनी पांढरी भिंत मात्र उत्खननानंतर काँक्रीटच्या आधारावर नव्याने रचलेली आहे, आणि ती मूळची तशीच होती हे अनेक पुरातत्त्वज्ञांना पटत नाही.

त्या पहाटे आत जायला सोडतीत नाव निघावं लागतं, आणि निघालं तरी आभाळ ढगाळ असू शकतं. एरवीच्या पाहुण्यांना आतले दिवे मालवून विजेच्या दिव्याची तिरीप दाखवतात.