शाश्वत हाय-स्पीड स्टेशन (कोकण किनारा)

हायपरलूप (जवळजवळ हवा काढलेल्या बंद नळीतून धावणारे डबे), मॅग्लेव्ह (चुंबकाच्या जोरावर रुळाला न टेकता धावणारी गाडी), बुलेट ट्रेन असल्या अतिवेगवान वाहतुकीसाठी बांधलेलं, पण वीज-पाणी जपून वापरणारं, आसपासची जमीन न बिघडवणारं आणि कित्येक पावसाळे खणखणीत उभं राहणारं स्टेशन म्हणजे शाश्वत हाय-स्पीड स्टेशन. बहुतेक ठिकाणी हा विचार विजेपासून सुरू होतो, छतावर सोलार किती आणि एसी किती, कोकणात मात्र तो पावसापासून आणि जागेपासून सुरू करायला हवा, कारण इथे इमारत हरते ती पाण्यापुढे.

आजची स्थिती अशी की कोकणात हायपरलूपचा मार्ग नाही. २०१८ मध्ये पुणे-मुंबई हायपरलूपसाठी राज्य सरकारने एका कंपनीशी करार केला होता, पुढे ती कंपनीच २०२३ च्या शेवटी बंद झाली. बुलेट ट्रेनचं काम मात्र चालू आहे, मुंबई-अहमदाबाद ५०८ किमी मार्गावरची ठाणे, विरार आणि बोईसर ही स्टेशनं उत्तर कोकणातच येतात.

हायपरलूपला स्टेशन कसं लागतं

इलॉन मस्क यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या आराखड्यात नळीतला हवेचा दाब १०० पास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण हजारावा हिस्सा धरलाय, डबा २८ माणसांचा आणि सरासरी दर दोन मिनिटांनी एक डबा, म्हणजे तासाला ८४० प्रवासी. त्यामुळे लांबलचक प्लॅटफॉर्म लागत नाही, डबे लागायला बोटींना असतात तसे छोटे छोटे धक्के पुरतात. खरी अडचण दारापाशी येते. माणसं साध्या हवेत आणि डबा जवळजवळ पोकळीत, मग एकतर डबा एका बंद खोलीत आणून तिथे हवा भरायची आणि निघताना परत उपसायची, नाहीतर फक्त डब्याच्या दाराला घट्ट बसणारा छोटा पूल लावायचा. दुसरी पद्धत वीज वाचवते कारण उपसायची हवाच थोडी असते, पण तिथे सील अगदी चोख लागतं, आणि खाऱ्या हवेत रबर आणि धातू दोन्ही लवकर खराब होतात, म्हणजे वीज वाचवायची तर मेंटेनन्स वाढणार हे धरूनच चालावं लागतं. शिवाय पोलादी नळी उन्हाने वाढते. १०० किमी नळीचं तापमान २० अंशांनी चढलं तर लांबीत साधारण २४ मीटरचा फरक पडतो, आणि मूळ आराखड्यात ही वाढ सामावणारा सरकता जोड स्टेशनजवळच ठेवलाय.

हे सगळं अजून बरंचसं कागदावरचं आहे हे लक्षात ठेवायला हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत नेवाडात माणसं बसवून चाचणी झाली ती ५०० मीटरच्या नळीत आणि ताशी १७२ किमी वेगाने. आयआयटी मद्रासची चाचणी नळी चारशे मीटरच्या आसपासची.

जागा

नकाशावर कोकणातले सडे रिकामे दिसतात, सपाट कातळ, ना घरं ना शेती, त्यामुळे कुठलाही मोठा प्रकल्प आला की बोट तिथेच ठेवलं जातं. सडा पडीक नसतो. पावसाळ्यात तिथे गेंद, कवला, सीतेची आसवं फुलतात, आणि सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला आणि व्हाळाला, म्हणजे ओढ्याला येतं, वर काँक्रीट ओतलं की खाली मार्चमध्येच विहीर तळ गाठते. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ इथली कातळशिल्पं, म्हणजे दगडात कोरलेली जुनी चित्रंही असल्याच कातळावर आहेत आणि २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आहेत. खाडीकाठ घ्यावा तर कांदळवन आणि भरती. डोंगर कापावा तर दरड, २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली, म्हणूनच कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं टाइमटेबल लावून गाड्या हळू चालवते. त्यामुळे आधीच वापरात असलेली जमीन, म्हणजे सध्याच्या स्टेशनालगतची किंवा जुन्या चिरेखाणीची (जांभा दगड काढलेल्या खाणीची), हाच सर्वात शहाणा पर्याय वाटतो.

पाणी

दक्षिण कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि तरी एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. एक हेक्टर छतावर या हिशोबाने वर्षाला ३ कोटी लिटर पाणी पडतं. स्टेशनने रोज एक लाख लिटर वापरलं तरी कोरड्या आठ महिन्यांना २ कोटी ४० लाख लिटर लागतील, म्हणजे ८० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि ५ मीटर खोल टाकी. नवीन खणण्यापेक्षा सोडून दिलेली चिरेखाण वापरता येते, फक्त जांभा सच्छिद्र असल्यामुळे आतून अस्तर लागतंच. आणि पन्हळी नीट मोजून करायला हव्यात, तासाला १०० मिमीची सर आली तर त्याच छतावरून सेकंदाला पावणेतीनशे लिटर पाणी खाली येतं, एवढं पाणी शहरी साच्यातल्या सपाट छताच्या बारीक पाइपांतून उतरत नाही, ते आतच शिरतं.

जुन्या घरांनी हे सोडवलेलं आहे. उतरतं छप्पर, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढी वळचण, चारी बाजूंनी पडवी, आणि पावसाळ्याआधी झड अडवायला झावळ्यांचा आडोसा. स्टेशनलाही मोठी पडवी दिली तर प्रतीक्षागृहाचा बराच भाग एसीशिवाय चालतो. फरशी गुळगुळीत नको, पावसाळ्यात ओल्या चपलांनी माणसं घसरतात.

काँक्रीटमध्ये मीठ शिरून सळ्या गंजतात. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किनारी हवेत सळीवर किमान ४५ मिमी आणि समुद्राचे तुषार येत असतील तिथे ५० मिमी काँक्रीटचं आवरण लागतं, साइटवर नेमकी इथेच काटकसर होते.

नुसत्या सोलारने भागत नाही याचं उदाहरण कोची विमानतळ. २०१५ मध्ये तो पूर्ण सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ ठरला, आणि ऑगस्ट २०१८ च्या पुरात जवळपास दोन आठवडे बंद राहिला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुरात चिपळूणचा एसटी स्टँडही बुडाला होता. म्हणून पॅनल, बॅटऱ्या आणि हवा उपसणारे पंप पूररेषेच्या वर, हे आधी ठरवायचं आणि मग बाकीचं डिझाईन.

गर्दी आणि पुढचा प्रवास

कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावापासून लांब आहेत, सावंतवाडीचं तर मळगावला, त्यामुळे गाडीने वाचवलेला वेळ रिक्षा शोधण्यात जातो. एसटीचा थांबा स्टेशनच्याच छताखाली असेल तर खाजगी गाड्या आणि पार्किंगसाठी जाणारी जमीन दोन्ही कमी होतात. गणपतीत तर हिशोबच वेगळा. एका भरलेल्या गाडीतून दीड हजार चाकरमानी सहज येतात, हायपरलूपच्या तासाला ८४० च्या दराने तेवढ्यांनाच न्यायला पावणेदोन तास लागतील, आणि त्या आठवड्यात अशा गाड्या एकामागून एक असतात. सामानही असतं, पोरं असतात, म्हातारी माणसं असतात, आणि बाहेर भाद्रपदातला पाऊस. म्हणजे धक्के छोटे असले तरी पडवी, बाकडी आणि संडास मात्र गणपतीच्या गर्दीच्या मापाने धरायचे, आणि एरवी रिकामी राहणारी ती जागा एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्यांच्या पार्सलसाठी वापरता येते.