सावजी, संत्रा बर्फी आणि तर्री: नागपूरच्या खाण्यामागचं जुनं प्रकरण

नागपुरात नवीन पिझ्झावाला किंवा बर्गरवाला उघडला की ग्रुपवर लगेच सुरू, आता सावजी खानावळी संपणार, पोहेवाले संपणार. वीसेक वर्षं हेच ऐकतोय बाप्पा. पण या शहरात गंमत अशी की देशातली एक दणदणीत मोठी चेन इथल्याच दुकानातून वाढली, त्यामुळं "चेन म्हणजे बाहेरचे, लोकल म्हणजे आपले" हे गणित इथं नीट बसतच नाही. थोडं मागं जाऊन बघावं लागतं.

मागं म्हणजे पार गिरणीपर्यंत. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली म्हणून ते नाव. पण कापड विणणारे लोक गिरणीच्या आधीपासूनच इथं होते, हलबा कोष्टी समाज, घरोघरी हातमाग. सावजी जेवण त्यांचंच. काळा मसाला, त्यात खसखस, दगडफूल, सुकं खोबरं आणि प्रत्येक घराचं काहीतरी वेगळं जे शेजारच्यालाही सांगत नाहीत, आणि वरून जवसाचं तेल, कारण विदर्भात जवस पिकायचा, तेल तेच हाताशी. मटण असो, खूर असो की शाकाहारी माणसासाठी पाटोडीचा रस्सा, रंग तोच काळपट आणि तर्रीही तशीच. आधी गिरणीचं कापड आलं, मग पॉवरलूम आले, हातमाग बसत गेले, आणि जुने लोक सांगतात की तेव्हा काही घरांनी पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून खानावळ सुरू केली. म्हणजे आज आपण जिला "परंपरा" म्हणून मिरवतो ती खानावळ एका धंद्याच्या पडझडीतून आलेली आहे. कॉलेजात असताना पहिल्यांदा खाल्लं तेव्हा दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं, वाढणाऱ्या काकांनी न बोलता कांद्याची प्लेट सरकवली आणि ज्वारीची भाकरी अजून एक टाकली, बस.

आता दुसरी बाजू. हल्दीराम मूळचं बिकानेरचं, गंगाबिशन अग्रवाल यांची भुजिया. त्यांचे नातू शिवकिसन अग्रवाल १९७० च्या आसपास नागपुरात आले. सांगतात की सुरुवातीला इथं भुजिया चालेना, लोकांना तिची सवयच नव्हती, मग त्यांनी मिठाईकडे मोर्चा वळवला, काजू कतली खाऊ घातली, पुढे साऊथ इंडियन सुरू केलं. आणि संत्रा बर्फी! आज नागपूरहून गाडीत बसणारा निम्मा डबा हातात संत्रा बर्फीचा बॉक्स घेऊन बसतो. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसानं इथलं संत्रं घेतलं, बर्फीत घातलं, आणि तीच शहराची ओळख होऊन बसली. याला लोकल म्हणायचं की चेन? मला विचाराल तर दोन्ही, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुढे नागपूर, दिल्ली, कोलकाता अशा घराण्याच्या शाखा वेगवेगळ्या चालल्या, आणि २०२५ मध्ये नागपूर आणि दिल्लीचा पुडीबंद मालाचा धंदा एकत्र झाला.

फक्त एक बघा, चेननं काय उचललं आणि काय सोडलं. जे पुड्यात बसतं, महिनाभर टिकतं आणि शाकाहारी आहे ते उचललं. मटण तिथं येणारच नव्हतं, त्यामुळं सावजीला हल्दीरामचा धक्का कधी लागलाच नाही, दोघं एकाच शहरात आरामात मोठे झाले.

परदेशी मंडळी नंतरची. डॉमिनोज आणि मॅकडोनाल्ड्स दोन्ही १९९६ ला भारतात आले, आधी दिल्ली-मुंबई, नागपूरसारख्या शहरांचा नंबर बऱ्याच उशिरा. मॅकडोनाल्ड्सलाही इथं बीफ नाही, पोर्क नाही, आलू टिक्की घालूनच बर्गर विकावा लागला.

एम्प्रेस मिल १९८६ ला टाटांच्या हातून सुटली, काही वर्षं सरकारी महामंडळानं ओढली, शेवटी बंदच पडली. त्या जागेवर गांधीसागर तलावाजवळ आता मॉल आहे. जिथं भोंगा वाजला की हजारो माणसं डबा घेऊन आत जायची तिथंच आता फूड कोर्ट. हे मला दर वेळी जरा विचित्र वाटतं, खोटं कशाला बोलू, पण पोरांना घेऊन मीही जातोच.

सावजीचं खरं नुकसान बर्गरनं केलंय असं मला वाटत नाही. जवसाचं तेल महाग पडतं म्हणून सोयाबीन तेल आलं, मसाला तयार आणला, तिखट मात्र दुप्पट घातलं कारण बाहेरून येणाऱ्याला "सावजी म्हणजे नुसतं जाळ" एवढंच माहीत. हे आपलंच काम आहे, यात कोणत्या कंपनीचा हात नाही.

आणि तर्री पोहे? ते अजून ठेल्यावरच आहेत. रात्री काळे चणे भिजत घालायचे, पहाटे तर्री चढवायची, सातला गर्दी. कागदी प्लेटमध्ये पोहे, त्यावर पळीभर चणे-तर्री, शेव, कांदा, लिंबू पिळून हातात, आणि प्लेट अर्धी झाली की "भाऊ, तर्री टाकू अजून?" त्या अजूनचे पैसे नाहीत. दहा-साडेदहाला भांडं रिकामं. कपात गरम पाणी ओतून होणारे पोहे मिळतात आता दुकानात, पण त्यात हे "अजून" कुठं घालणार.

तरी इथून चेन निघायची थांबलेली नाही. शेफ विष्णू मनोहरांनी वऱ्हाडी जेवण "विष्णूजी की रसोई" नावानं इतर शहरांत नेलं. आणि इथल्याच सदर भागातला डॉली चायवाला, २०२४ ला बिल गेट्सनं त्याच्या हातचा चहा प्यायला तेव्हापासून जगभर फेमस, त्यानं २०२५ ला फ्रँचायझी जाहीर केली. काही लाख भरा आणि टपरी घ्या. टपरीची फ्रँचायझी! गोळीबार चौकातल्या एका सावजीवाल्या काकांना मी हे सांगितलं, ते गल्ल्यावर बसून लसूण सोलत होते, वर न बघता म्हणाले, "मसाला कोण कुटनार मंग?"