तुमचा टाइप पुढच्या महिन्यातही तोच राहील का?

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी ऑफिसांत ट्रेनिंगच्या निमित्ताने एक प्रश्नावली हमखास समोर येते. गर्दीत गेल्यावर तरतरी येते की थकवा येतो? निर्णय तर्काने घेता की भावनेने? सगळी उत्तरं भरली की चार इंग्रजी अक्षरं हातात पडतात; तोच तुमचा ‘टाइप’, म्हणजे स्वभावाचा प्रकार. त्यातलं पहिलं अक्षर ‘आय’ असेल तर अंतर्मुख, ‘ई’ असेल तर बहिर्मुख. कुणी आयएनटीजे, कुणी ईएसएफपी. मग टीममध्ये कुजबुज सुरू होते: ‘तो आय आहे ना, त्याला क्लायंट कॉलला नको बसवू.’ एखाद्याच्या वाट्याचं काम अशा एका अक्षरावरून ठरू लागतं, तेव्हा ते अक्षर आलं कुठून आणि किती टिकतं, हे विचारायलाच हवं.

या अक्षरांचं मूळ कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या 1921 सालच्या मांडणीत आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे आज घराघरांत बोलले जाणारे प्रकार त्याच मांडणीतून सगळीकडे पोचले. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून ही ‘मायर्स-ब्रिग्ज’ प्रश्नावली रचली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येने कामावर निघाल्या होत्या आणि कुणाला कोणतं काम मानवेल हे कळावं, असा त्यांचा हेतू होता. हेतू चांगलाच होता, पण चाचणीचं मोल हेतूवरून ठरत नाही. आज फुकट साइटवर मिळणाऱ्या बऱ्याच चाचण्या मूळ मायर्स-ब्रिग्ज नसतातच. अक्षरं तेवढी तीच वापरतात.

कोणत्याही मोजमापाला पहिला प्रश्न असा: तीच गोष्ट पुन्हा मोजली तर तेच उत्तर येतं का? मायर्स-ब्रिग्जवरच्या संशोधनाचा आढावा सांगतो की अवघ्या 5 आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली, तर जवळपास निम्म्या लोकांचा टाइप बदललेला निघू शकतो. पाच आठवड्यांत स्वभाव बदलत नाही. मग बदलतं काय? साधा हिशोब करून पाहा. समजा, प्रत्येक अक्षर पुन्हा तेच येण्याची शक्यता 84 टक्के आहे. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण चारही अक्षरं एकाच वेळी तीच यायची, तर 0.84 चार वेळा गुणावं लागतं आणि उत्तर येतं 0.5 च्या आसपास. म्हणजे चांगल्यापैकी मोजणारी प्रश्नावलीसुद्धा ‘टाइप’ सांगायला गेली की अर्ध्या लोकांच्या बाबतीत घसरते. खोट आहे ती सलग गोष्टीचे दोन तुकडे करण्यात.

ठाणे पूर्व की पश्चिम, असं आपण सहज विचारतो, कारण मध्ये खरोखरचे रूळ आहेत. अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्यामध्ये असे रूळ कुठेच सापडत नाहीत. हजारो लोकांचे गुण आलेखावर मांडले, तर दोन टोकांना दोन वस्त्या दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात सर्वांत दाट वस्ती असते मध्यावर, आणि चाचणी रूळ टाकते तेही नेमके तिथेच. त्यामुळे 51 गुणांचा माणूस ‘ई’ होतो आणि 49 गुणांचा ‘आय’. या दोघांचे स्वभाव जवळपास सारखे असूनही ते वेगळ्या गटांत पडतात, आणि 51 वाल्याची जोडी मात्र 95 वाल्याशी लागते. त्या दिवशी झोप अपुरी झाली असेल, ट्रान्सहार्बरची गाडी चुकली असेल, एवढ्यानेही मध्यावरच्या माणसाचं अक्षर बदलू शकतं.

तरीही वर्णन वाचताना ‘हा तर मीच’ असं वाटतं आणि ते अगदी मनापासून वाटतं. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं ‘खास’ स्वभाववर्णन दिलं. ते कितपत जुळतं, याला 5 पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली 4.26. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातला बराचसा भाग भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. तुम्ही कधी मनमोकळे असता, तर कधी हातचं राखून वागता, अशी त्यातली वाक्यं होती. हे कुणाला लागू पडणार नाही? लोकांना पटलं हा वर्णन खरं असल्याचा पुरावा होत नाही, हे फोररने एका वर्गात दाखवून दिलं.

पुरावा मिळवायचा कसा, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या: 100 हुशार मुलांच्या, 100 मतिमंद मुलांच्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. अचूक उत्तरं निघाली सरासरी 46 टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी जमलं असतं. स्वभावचाचणीलाही हाच प्रश्न विचारायला हवा. माणसाला वर्णन आवडलं का, यापेक्षा त्यावरून त्याच्याबद्दल काही ओळखता येतं का, हे पाहायचं. देवगण-राक्षसगण पाहून स्थळ नाकारणं चूक मानणाऱ्यांनी चार अक्षरांवरून उमेदवार नाकारू नये. खुद्द मायर्स-ब्रिग्जची संस्थाही नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरणं अनुचित मानते.

मग स्वभाव मोजताच येत नाही का? येतो. 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास 18,000 इंग्रजी शब्द वेचले. अशा शब्दांची छाटणी आणि गणिती पृथक्करण पुढे अनेकांनी केलं, आणि त्यातून पुन्हा पुन्हा पाच पैलू वर आले: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, नेटकेपणा व जबाबदारी, नव्याची ओढ आणि मन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. इथे टाइप नसतो, प्रत्येक पैलूवर तुमची जागा असते. शेवटचा पैलू मायर्स-ब्रिग्जमध्ये नाहीच. सतत काळजी करणं, चटकन खचणं याबद्दल ती चाचणी चकार शब्द काढत नाही, म्हणून तिचा अहवाल वाचायला इतका गोड लागतो. मला ही उणीव सर्वांत गंभीर वाटते. स्वतःला समजून घ्यायला निघालेल्या माणसाला बहुतेक वेळा याच प्रश्नाने घराबाहेर काढलेलं असतं.

या पाच पैलूंकडूनही फार अपेक्षा धरू नये. जबाबदारीने वागण्याचा पैलू आणि कामातली कामगिरी यांचा संबंध, 0 म्हणजे काहीच नाही आणि 1 म्हणजे पूर्ण, अशा मापावर 0.2 च्या आसपास भरतो. आणि वय महत्त्वाचं. 2000 साली 152 दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, बरोबरीच्यांच्या तुलनेत माणसाची जागा किती टिकून राहते, याचं माप बालपणी 0.31, कॉलेजच्या वयात 0.54 आणि पन्नाशीनंतर 0.74 असतं. ठाण्यात दहावीच्या निकालानंतर पंधरा वर्षांच्या मुलीवर ‘ही अशीच’ असा शिक्का मारून शाखा निवडणाऱ्या पालकांनी हे आकडे जरूर पाहावेत. ती अजून घडते आहे.

आणखी एक शोध मला फार मोलाचा वाटतो. 2010 मध्ये मानसशास्त्रज्ञ सिमिन वझीर यांनी लोकांची स्वतःबद्दलची मतं आणि मित्रांची त्यांच्याबद्दलची मतं प्रत्यक्ष वागणुकीशी ताडून पाहिली. आतली धाकधूक माणसाला स्वतःलाच जास्त ठाऊक असते. पण बुद्धी आणि कल्पकता यांचा अंदाज मित्रांना अधिक बरोबर येतो, कारण तिथे आपला अहंकार आड येतो. एकट्याने मोबाइलवर भरलेल्या कोणत्याही प्रश्नावलीला ही मर्यादा आहेच.

पाच पैलूंच्या प्रश्नावल्या ‘इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल’ या संग्रहात फुकट मिळतात. तुम्ही एक भरा. तुम्हाला रोज पाहणाऱ्या दोघांना, म्हणजे नवऱ्याला किंवा बायकोला, जुन्या मित्राला, तुमच्याविषयी तीच स्वतंत्रपणे भरायला सांगा. आधी चर्चा करू नका. महिन्याभराने पुन्हा करा. जे दोन्ही वेळा आणि तिघांच्याही उत्तरांत सारखं येईल, त्यावर बऱ्यापैकी विसंबता येईल. जिथे तुमचं उत्तर एक आणि त्या दोघांचं दुसरं, तिथे त्यांना एखादा प्रसंग सांगायला सांगा, आणि तो सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.