नाव बदलणारी खिडकी: स्थलांतरितांच्या ॲनिमेशनपटांची पार्श्वभूमी

देश सोडून आलेल्या कुटुंबांवरचे ॲनिमेशनपट पाहताना एक प्रसंग हमखास ओळखीचा वाटतो. रांग लागलेली असते, अधिकाऱ्याला समोरच्याचं नाव उच्चारता येत नाही आणि तो आपल्या सोयीचं नाव कागदावर टाकून मोकळा होतो. १९८६ च्या ‘ॲन अमेरिकन टेल’ या उंदरांच्या कुटुंबाच्या गोष्टीत तान्याची टिली होते, २०२३ च्या ‘एलिमेंटल’मध्ये, जिथे पात्रंच आग, पाणी अशी मूलतत्त्वं आहेत, अग्निदेशातलं जोडपं बर्नी आणि सिंडर होऊन बाहेर पडतं.

प्रत्यक्षात असं क्वचितच घडलं. प्रवाशांची यादी बोट सुटायच्या वेळी युरोपातल्या बंदरावरच तयार व्हायची. एलिस बेटावरचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरचे, अधिकारी ती समोर ठेवून माणसं ताडून पाहत; नवं नाव देणं हे त्यांचं कामच नव्हतं. दुभाषेही हाताशी असत. नावं बदलली ती बहुतेक पुढे, नोकरीत, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जात, आणि बऱ्याचदा लोकांनी स्वतःच बदलली. तरी हा प्रसंग टिकला, कारण वर्षानुवर्षांची झीज पडद्यावर दहा सेकंदांत दाखवायला याहून सोयीची जागा नाही. (उंदरांची गोष्ट १८८५ मध्ये सुरू होते. एलिस बेटाचं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला. त्याआधी, १८५५ ते १८९०, लोक न्यूयॉर्कच्याच कॅसल गार्डन या केंद्रावर उतरत.)

त्या गोष्टीमागचा इतिहास रक्ताचा आहे. १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. पहिल्या महायुद्धापर्यंत पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत गेले. चित्रपटाचे एक निर्माते स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी नायकाला आपल्या आईच्या वडिलांचं नाव दिलं: फीवेल. दिग्दर्शक डॉन ब्लुथ १९७९ मध्ये डिस्ने सोडून बाहेर पडलेले. सुरुवातीचा हल्ला त्यांनी दोन मापांत रचला: वर माणसांची घरं आणि घोड्यांवरचे कोसॅक (झारचे घोडेस्वार), खाली उंदरांची घरं आणि मांजरं. मुलाला उंदीर दिसतो, मोठ्याला वस्ती दिसते.

या रूपकातच एक खोट आहे. मांजर उंदराला खातं हा निसर्ग झाला. त्या वस्त्यांवर मात्र माणसंच माणसांवर चालून आली होती. ‘एलिमेंटल’लाही हीच अडचण नडते. आग आणि पाणी एकमेकांना खरोखर विझवतात, आटवतात. त्यामुळे शहराचा आगीविषयीचा पूर्वग्रह थोडा रास्त वाटायला लागतो, आणि तसा तो वाटता कामा नये.

या दोन चित्रपटांमागच्या स्थलांतरांच्या मधे अमेरिकेचे दोन कायदे आहेत. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे घालून दार जवळजवळ बंद केलं, आशियाला तर पुरतंच. १९६५ च्या कायद्याने ते कोटे रद्द केले. त्यानंतर आशियातून आलेल्यांची मुलं पुढे स्टुडिओंत पोचली. त्यामुळे गोष्ट आजोबांवरून आई-वडिलांवर आली, बोटीतून दुकानात आणि स्वयंपाकघरात आली. संजय पटेल यांच्या २०१५ च्या लघुपटात वडिलांची पूजा आणि मुलाचा टीव्ही समोरासमोर येतात. कॅनडात वाढलेल्या डोमी शी यांच्या ‘बाओ’त (२०१८) आई आपल्या एकटेपणात वाफवलेल्या बाओला (सारण भरलेल्या चिनी पावाला) मूल मानते.

‘एलिमेंटल’चे दिग्दर्शक पीटर सोन यांचे आई-वडील कोरियातून आले आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात किराणा दुकान चालवत. त्यांची नायिका, बर्नी आणि सिंडरची मुलगी एम्बर, म्हणजे चालती ज्वाला, आणि तिथे तंत्राची कसोटी लागली. हुबेहूब आग काढली की तिच्या सततच्या हालचालीत चेहरा हरवतो. फार आवरली की ती आगच वाटत नाही. शेवटी आगीचं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) करून, न्यूरल नेटवर्क या शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या मदतीने त्यावर चित्रातल्यासारख्या ठळक, टोकदार ज्वाळांची शैली चढवली.

चित्रपटातली सगळ्यात नेमकी गोष्ट मात्र साधी आहे. देश सोडताना बर्नी वडिलांसमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करतो. वडील उलट नमस्कार करत नाहीत. शेवटी एम्बर निघते, तसाच नमस्कार करते, आणि बर्नी खाली वाकतो.