नाशिकचे प्रभाग आणि जनगणनेचे आकडे: एका सीमेतून दुसऱ्या सीमेत

2012 च्या महापालिका निवडणुकीत नाशिकमध्ये 61 प्रभाग होते, प्रत्येकी दोन नगरसेवकांचे. 2017 मध्ये नगरसेवक 122 च राहिले, प्रभाग मात्र 31 झाले. त्यामुळे ‘प्रभाग 12’ची 2012 आणि 2017 ची माहिती शेजारी-शेजारी मांडली तर तुलना होते ती जमिनीच्या दोन वेगळ्या तुकड्यांची. क्रमांक तेवढा एक असतो.

हा घोळ जुना आहे. 7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महापालिका झाली. 1981 च्या जनगणनेत ही सगळी वेगवेगळ्या ओळींत आहेत. 1991 मध्ये शहराची एकच ओळ आहे, 6,56,925. फक्त जुन्या नाशिक नगरपालिकेचा आकडा धरून दहा वर्षांची वाढ काढली, तर विलीनीकरणही जन्म आणि स्थलांतराच्या खात्यात जमा होते. तालुक्यांचेही तसेच. 1991 मध्ये जिल्ह्यात 13 तालुके होते. 1999 मध्ये त्र्यंबकेश्वर आणि देवळा नव्याने झाले. त्र्यंबक तोवर नाशिक तालुक्यात होते, म्हणून 2001 चा ‘नाशिक तालुका’ 1991 च्या तालुक्याहून लहान आहे.

तालुक्यांच्या बाबतीत उपाय सोपा, पण कष्टाचा आहे: गावांची यादी घेऊन जुन्या तालुक्याची बेरीज नव्या हद्दीत पुन्हा करायची. गाव क्वचितच फुटते. चूक होते ती नावांत. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव खांब, पिंपळगाव बहुला ही तीन वेगळी गावे आहेत, आणि यादीत नुसते ‘पिंपळगाव’ असेल तर संगणक त्यांतले कोणतेही उचलतो. गावांचे सांकेतिक क्रमांकही दर जनगणनेत तेच राहिलेले नाहीत. म्हणून नाव, तालुका आणि क्षेत्रफळ तिन्ही जुळवावे लागतात.

शहरात मात्र जुना प्रभाग मधोमध चिरला जातो. अशा वेळी सर्वांत आधी सुचते ती क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी. ती फसवी आहे, हे 1936 मध्येच भूगोलतज्ज्ञ जॉन के. राइट यांनी अमेरिकेतील केप कॉडच्या नकाशावर दाखवले: निर्जन भाग आधी वगळा, मग लोकसंख्या पसरवा. 1979 मध्ये भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलर यांनी प्रत्येक मूळ विभागाची बेरीज अबाधित ठेवून घनता सलग पसरवण्याची गणिती रीत मांडली.

नाशिकला हे अगदी लागू पडते. समजा, जुना प्रभाग 3 चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या 12,000. त्यातले 2 चौरस किलोमीटर, म्हणजे कारखाने आणि द्राक्षबागा, नव्या ‘अ’ प्रभागात गेले. 1 चौरस किलोमीटर दाट वस्ती ‘ब’मध्ये. क्षेत्रफळाने ‘अ’ला 8,000 मिळतात. आता प्रगणक गट, म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाने मोजायचे छोटे भाग, मोजा. प्रत्येकी 600 लोकांचे 20 गट धरले आणि त्यांतले 3च ‘अ’मध्ये असले, तर खरा आकडा 1,800. चूक 6,200 माणसांची! सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत किंवा तपोवनातील साधुग्रामची जागा सिडकोतील घरांच्या रांगांसारखी मोजली की असेच होते.

म्हणून जुळणी-तक्ता प्रगणक गटांवर उभा करावा. एका ओळीत जुना प्रभाग, नवा प्रभाग आणि जुन्यातला किती वाटा नव्यात गेला तो अपूर्णांक. एका जुन्या प्रभागाच्या सर्व वाट्यांची बेरीज 1 आलीच पाहिजे, आणि 2011 साठी शहराची एकूण बेरीज 14,86,053. पूर्णांक करताना दोन-चार माणसे कमी-जास्त होतात, ती सर्वांत मोठा अपूर्णांक उरलेल्या ओळीत टाकावीत. देवळाली छावणी (लष्करी कॅन्टोन्मेंट) महापालिकेत नाही, हेही तपासावे.

नकाशावर काम करताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत क्षेत्रफळ काढले तर उत्तर निरर्थक येते. नाशिकसाठी नकाशा आधी यूटीएम 43 उत्तर या, मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपात आणावा. दुसरे, दोन नकाशांत एकच रस्ता काही मीटर सरकलेला असतो. मग सीमेवर बारीक चिरफळ्या तयार होतात आणि शेजारच्या प्रभागाला खोटा वाटा मिळतो. वस्ती नसलेल्या अशा चिरफळ्या काढून वाटे पुन्हा 1 वर आणावेत.

टक्केवारी कधीच वाटू नये. साक्षरता दर हवा असेल तर साक्षरांची संख्या वेगळी वाटा, सात वर्षे आणि त्यावरील लोकसंख्या वेगळी, आणि भागाकार शेवटी करा. मध्यक, म्हणजे क्रमाने मांडलेल्या आकड्यांतला मधला आकडा, तर या रीतीने नव्या हद्दीत नेताच येत नाही.

2021 ची जनगणना झाली नाही. पुढची 1 मार्च 2027 या संदर्भ-तारखेची आहे आणि तिच्यासाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्या गेल्या. 2011 च्या गटांचे नकाशे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ते गटक्रमांकांसह आताच जपून ठेवावेत; सोळा वर्षांचा जुळणी-तक्ता त्यांच्याशिवाय बनणार नाही.