पर्णरंध्रांचा विकास

पाने, हिरवी खोडे इत्यादींच्या अपित्वचेतील (सर्वांत बाहेरच्या पेशीथरातील) सूक्ष्म छिद्र व त्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी मिळून पर्णरंध्र (त्वग्रंध्र) बनते. वायूंची देवघेव व बाष्पोच्छ्वास यांतील त्याचे कार्य परिचित आहे. येथे ते घडते कसे, एवढाच विचार केला आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फ्लोरीन यांनी 1931 मध्ये प्रकटबीज वनस्पतींत दोन प्रकार मानले : रंध्राच्या मातृपेशीपासून फक्त रक्षक पेशी होणारा आणि साहाय्यक (रक्षक पेशींलगतच्या, वेगळ्या दिसणाऱ्या) पेशीही तिच्यापासूनच होणारा. सायकॅडेल्स व बेनेटाइटेल्स या प्रकटबीज गणांची जीवाश्म पाने वेगळी ओळखण्यास हा भेद फार उपयोगी पडला. मात्र जीवाश्मात दिसते ती पूर्ण झालेली रचना. तीवरून विकासक्रम ठरविणे जोखमीचे असते. अलाहाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ दि. द. पंत यांनी 1965 मध्ये मांडलेले मध्यजात (शेजारच्या पेशी रंध्राच्याच मातृपेशीपासून), परिजात (इतर पेशींपासून) व मध्यपरिजात (दोन्हींपासून) हे वर्गीकरण म्हणूनच अधिक स्वीकारार्ह वाटते, कारण त्यात शेजारच्या पेशींचा उगम पाहिला जातो, त्यांची मांडणी नव्हे. रंध्राला समांतर दोन साहाय्यक पेशी गवतांतही असतात व कदंब कुलातही. पण गवतांत त्या शेजारच्या रांगांतील पेशींपासून येतात, तर कदंब कुलात सामान्यतः रंध्राच्याच मातृपेशीपासून.

सर्वाधिक अभ्यास मोहरीच्या कुलातील अरॅबिडॉप्सिस थॅलियाना या लहान वनस्पतीत झाला आहे. तिच्या कोवळ्या पानाची साल सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर नागमोडी कडांच्या पेशींमध्ये अधूनमधून एखादी चिमुकली त्रिकोणी पेशी दिसते. ती असमान विभाजनातून जन्मते, तशीच आणखी एक ते तीन वेळा विभागते, मग गोलसर होते. या गोल पेशीचे एकदाच समान विभाजन होऊन दोन रक्षक पेशी बनतात. छिद्र सर्वांत शेवटी, त्या दोघींमधील भित्ती उकलून पडते.

असमान विभाजनाची सुरुवात, गोल पेशी होणे व रक्षक पेशी बनणे या तीन टप्प्यांवर स्पीचलेस, म्यूट व फामा ही जनुके अनुक्रमे नियंत्रण ठेवतात. स्पीचलेस निकामी झाले, तर रंध्रे मुळीच येत नाहीत. म्यूट निकामी झाले, तर त्रिकोणी पेशी आतल्या आत चक्राकार विभागत राहते व अखेर थांबते. फामा नसेल, तर गोल पेशी पुनःपुन्हा विभागून अरुंद पेशींची चळत तयार होते.

दोन रंध्रांमध्ये सहसा निदान एक पेशी असते. हे अंतर राखणारी ईपीएफ-1 व ईपीएफ-2 ही प्रथिने अपित्वचेतच स्रवतात. उलट रंध्रांची संख्या वाढविणारे स्टोमॅजेन हे प्रथिन आतल्या मध्योतीतून (पानाच्या दोन्ही अपित्वचांमधील हिरव्या ऊतकातून) येते.

उगमाविषयी मतभेद आहेत. सर्वांत जुनी जीवाश्म रंध्रे 40 कोटी वर्षांहून अधिक, बहुधा सिल्युरियन कालखंडाच्या अखेरची असावीत. यकृतका (लिव्हरवर्ट) या साध्या वनस्पतींत ती नाहीत; हरिता (मॉस) व शृंगका (हॉर्नवर्ट) यांत फक्त बीजुकधारी (बीजुके निर्माण करणाऱ्या) पिढीवर असतात. त्यामुळे ती एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्‌भवली, असे काहींचे मत होते. तथापि, हरितेतील रंध्रांनाही स्पीचलेस, म्यूट व फामा यांच्याच जनुककुलाची गरज असते, असे 2016 मध्ये दिसून आले. तेव्हापासून एकच उगम व यकृतकांत मागाहून ऱ्हास, या मताचे पारडे जड झाले आहे.

रंध्रांच्या संख्येवर परिस्थितीचाही परिणाम होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. आय. वुडवर्ड यांनी 1987 मध्ये वनस्पतिसंग्रहांतील पाने तपासली. 200 वर्षांत हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढत गेला, तशी रंध्रांची घनता सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. ही जाणीव कोवळ्या पानाची स्वतःची नसते. वाढ पूर्ण झालेल्या पानांकडून संकेत येतो व त्यानुसार नव्या पानावरील रंध्रांची संख्या ठरते.