उसण, गॅप आणि चालती कंबर

पाण्याची बादली उचलायला आई वाकली आणि तशीच अडकली. ना खाली बसता येईना, ना सरळ होता येईना. आजी म्हणाली, "उसण भरली. पायाळू कोण आहे बघा." पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, अशी समजूत. आणि ती उतरायचीही! अचानक धरलेली कंबर बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपसूक सुटते. त्या दरम्यान जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळतं. मग तो लेप असो, पट्टा असो की गोळी.

हल्ली उसण फारशी कुणी म्हणत नाही. "मणक्यात गॅप आलाय" म्हणतात. या शब्दाने माणसं इतकी खचतात की मला त्याचा मनापासून राग येतो. मुळात तो उलटा आहे. दोन मणक्यांमधली चकती वयानुसार पाणी गमावते, चपटी होते आणि मधली जागा कमी होते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के, तर पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकतात तशाच चकत्याही पिकतात. रिपोर्टमध्ये झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच, असं होत नाही. सुमारे ९० टक्के कंबरदुखीत एका जागी बोट ठेवून कारण दाखवता येत नाही.

मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं झालं की ती ते परत शोषते. म्हणूनच सकाळी आपली उंची एखाद सेंटिमीटर जास्त भरते. दबणं आणि सुटणं, दोन्ही तिला हवं असतं. तासन् तास एका जागी बसून ते मिळत नाही, पडून राहूनही नाही.

"आठ दिवस उठायचं नाही" हा सल्ला आता मागे पडला आहे. हेलसिंकीतल्या पालिका कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा, सोसवेल तितकी रोजची कामं चालू ठेवणारे लवकर बरे झाले. पहिले एक-दोन दिवस अंथरुणातून उठणंच कठीण असतं. तेव्हा एकदम उठून बसू नये. कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी हातांनी गादीवर जोर देत धड वर आणावं. बरं वाटत असेल तर शेक घ्यावा. थोडं दुखलं म्हणजे आत काही तुटतंय, असं नसतं.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी, अगदी रात्री सुद्धा, हॉस्पिटल गाठावं. दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा पडल्यानंतर कंबर धरली असेल, तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नये. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो.

एकदा धरलेली कंबर पुन्हा धरते, ही खरी चिंता. ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं, सोबत कंबरदुखी समजावून सांगितली. रोजची कामं अडवणारं दुखणं न चालवलेल्या गटात साधारण ११२ दिवसांनी परतलं, चालणाऱ्यांत २०८ दिवसांनी.